अतिभार आणि विषमपथ : जिन्यावरून अवजड यंत्रे वाहणाऱ्यांचा कटिशूल

निदानपरिवर्जनाचे महत्त्व आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून पाठ करीत आलो आहोत. परंतु दवाखान्यात रुग्णांची रांग लागली की निदान म्हणजे केवळ रोगाचे नाव, आणि परिवर्जन म्हणजे ‘वातूळ खाऊ नका, गार पाणी पिऊ नका’ एवढाच उपदेश उरतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. हे प्रारंभीच मान्य करून एका रुग्णाची हकीकत वैद्यबंधूंसमोर आणि औषधविक्रेत्या मित्रांसमोर ठेवीत आहे.

छत्रपती संभाजीनगर येथील क्रांती चौकात माझा दवाखाना आहे. जालना रस्त्यावरील उड्डाणपूल, एका बाजूस पैठण गेटाकडे व दुसऱ्या बाजूस उस्मानपुऱ्याकडे जाणारे रस्ते, आणि या सर्वांमधून सकाळपासून रात्रीपर्यंत वाहणारी वर्दळ, असा हा परिसर. येथे येणाऱ्या रुग्णांत कचेरीत बसून काम करणारे जसे आहेत, तसे मोंढ्यात पोती वाहणारे हमालही आहेत. हमालाच्या पाठीचे दुखणे आपल्या परिचयाचे असते. परंतु गेल्या काही वर्षांत शहरात एक नवा भारवाहक निर्माण झाला आहे. त्याच्या अंगावर कंपनीचे नाव छापलेला टी-शर्ट असतो, हाती पोत्याऐवजी यंत्र असते, आणि म्हणूनच त्यास कोणी हमाल म्हणत नाही. घरोघरी जाऊन गालिचे, सोफे व गाद्या धुऊन देणारे हे तरुण होत.

रुग्णवृत्त

रुग्णाचे वय सव्वीस. कटिशूल, डाव्या नितंबापासून पोटरीपर्यंत ओढल्यासारखी वेदना, सकाळी उठताना स्तंभ, खोकताना व शिंकताना वेदनावृद्धी. चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सितात स्फिक्, कटी, पृष्ठ, ऊरू, जानू, जंघा व पाद असा जो वेदनेचा क्रम सांगितला आहे, त्यास अनुरूप असे हे गृध्रसीचे चित्र होते. पाय सरळ ठेवून उचलून पाहता डाव्या बाजूस वेदना लवकर उमटत होती. स्नेहन, स्वेदन, माषपिष्टीची पाळी घालून कटिबस्ती, पुढे बस्तिक्रम, पोटात त्रयोदशांग गुग्गुळ व रास्नासप्तक काढा, अशी चिकित्सा केली. दहा-बारा दिवसांत उत्तम उपशय मिळाला. रुग्ण समाधानाने गेला आणि तीन आठवड्यांनी तीच व्यथा घेऊन परत आला. पुन्हा चिकित्सा, पुन्हा उपशय, पुन्हा पुनरुद्भव. असे तीन वेळा झाले.

तिसऱ्या वेळी मी किंचित त्रासूनच म्हणालो, “अरे, पथ्य पाळतोस की नाही?” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “सर, तुमच्या औषधानं बरं वाटतं. पण मशीन तर उचलावीच लागती ना.”

मी प्रकृती विचारली होती, कोष्ठ विचारला होता, निद्रा विचारली होती. तो दिवसभर काय उचलतो, हे मात्र मी दोन महिन्यांत एकदाही विचारले नव्हते. केसपेपरवर ‘व्यवसाय : नोकरी’ असे लिहून मी मोकळा झालो होतो.

भार किती, आणि कोठे?

तेव्हा त्याने सांगितलेली माहिती अशी. त्याच्यासोबत दोन यंत्रे असतात. एक फिरत्या ब्रशचे, सुमारे चाळीस किलोचे. दुसरे गालिच्यावर साबणपाणी फवारून मळकट पाणी परत ओढून घेणारे, रिकामे असता सुमारे तीस किलोचे. यात मेख अशी की दुसऱ्या यंत्राचे वजन स्थिर नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकीत तीस लिटर मळके पाणी साठले की तेच यंत्र साठ किलोचे होते. शिवाय पाणी हिंदकळते. घट्ट बांधलेले पोते खांद्यावर एकजीव बसते, पाण्याचा भार मात्र प्रत्येक पायरीवर जागा बदलतो.

तिसऱ्या मजल्यावरील घर म्हणजे साधारण पन्नास-साठ पायऱ्या. दोन यंत्रे, चढणे आणि उतरणे, आणि दिवाळीच्या वा लग्नसराईच्या दिवसांत अशी चार-पाच घरे. जोडीदार असला तर ठीक, नसला तर एकट्यानेच.

येथे थोडे आधुनिक शारीरगणित पाहणे उपयुक्त ठरेल. पाठीच्या कण्यामागील स्नायूंना कण्यापासून मिळणारी तरफ जेमतेम पाच सेंटिमीटरची असते. हातातील ओझे कण्यापासून चाळीस सेंटिमीटर पुढे असेल, तर त्यास तोलण्याकरिता त्या स्नायूंना आठपट बल लावावे लागते. म्हणजे चाळीस किलोच्या यंत्रासाठी तीनशे वीस किलोइतके, आणि त्यात पुढे झुकलेल्या धडाचा भार वेगळाच. हा सर्व दाब कटिप्रदेशातील मणक्यांमधील चकतीवर येतो. म्हणूनच ओझे अंगालगत धरणे व लांबवर धरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जिन्यावर मात्र पुढची पायरी गुडघ्यांआड येत असल्याने ओझे अंगालगत धरताच येत नाही, आणि वळणावर कंबर पिळावीच लागते. पुढे झुकणे, पिळणे व उचलणे ही तीनही कर्मे एकाच क्षणी घडतात. चकतीस यापेक्षा अधिक प्रतिकूल स्थिती क्वचितच असेल.

उतरणे सोपे, हा समजही चुकीचा आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून भार रोखून धरतात. या प्रकारच्या श्रमाने स्नायूंचे सूक्ष्म क्षत अधिक होते, आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. ‘चढताना काही झाले नाही, उतरताना गुडघ्यात कळ आली’ असे रुग्ण सांगतो ते यामुळेच.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्याच्या भाराची मूळ मर्यादा २३ किलो धरली आहे. अंतर, वाकणे व पिळणे वाढेल तशी ती आणखी खाली येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या भाराची मर्यादा ५५ किलो सांगितली आणि त्याच वर्षीच्या करारात, आरोग्यास बाध येईल असा भार कामगारास वाहावयास लावू नये, असे तत्त्व घालून दिले. भारताने हा करार २०१० मध्ये स्वीकारला. आपल्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३४ देखील इजा होईल इतके वजन उचलावयास लावण्यास मनाई करीत असे. परंतु एखाद्याच्या घराचा जिना हा काही कारखाना नव्हे. तेथे वजन मोजण्यास कोणी उभे नसते.

अक्षाचा दृष्टांत

या रुग्णाच्या निमित्ताने चरकसंहितेतील विमानस्थानाचा तिसरा अध्याय पुन्हा उघडला. आयुष्य नियत की अनियत, या अग्निवेशाच्या प्रश्नाला उत्तर देताना आत्रेयांनी गाडीच्या अक्षाचा, म्हणजे आसाचा, दृष्टांत दिला आहे. उत्तम लाकडाचा आस योग्य रीतीने वापरला तर आपल्या प्रमाणानुसार झिजून यथाकाल संपतो. परंतु तोच आस अतिभार, विषमपथ, अपथ, चक्रभंग, वाह्यवाहकदोष, अणिमोक्ष, अनुपांग व पर्यसन या कारणांनी मध्येच मोडतो. मनुष्याचेही तसेच, असे सांगताना आचार्यांनी अकाली ऱ्हासाच्या कारणांत बलास न पेलणारे श्रम प्रथम गणले आहेत.

आपण हा भाग आयुष्यविचार म्हणून शिकतो आणि शिकवितो. जिन्यावरील यंत्रवाहकास तो शब्दशः लागू पडतो. अतिभार म्हणजे पाण्याने भरलेली टाकी. विषमपथ म्हणजे कमी-अधिक उंचीच्या, ओल्या, अंधाऱ्या पायऱ्या. अपथ म्हणजे इमारतीच्या मागील बाजूचा लोखंडी गोल जिना, जो भार वाहण्यासाठी बांधलेलाच नसतो. चक्रभंग म्हणजे यंत्राचे झिजलेले, एका बाजूस ओढणारे चाक. वाह्यवाहकदोष म्हणजे दोघे वाहक असून उंची व चाल न जुळणे. अणिमोक्ष, म्हणजे चाकाची खीळ निसटणे, येथे यंत्राच्या मुठीची कडी नेमकी अर्ध्या जिन्यात सुटणे. अनुपांग, म्हणजे वंगणाचा अभाव, येथे शरीरातील स्नेहाचा अभाव. आणि पर्यसन म्हणजे सर्व काही उलटून खाली येणे.

निदानस्थानात शोषाची जी चार कारणे दिली आहेत, साहस, संधारण, क्षय व विषमाशन, तीही या तरुणाच्या दिनक्रमात एकत्र आढळली. साहस उघडच आहे. दुपारी वडापाव व चहा हे विषमाशन. घाम व उपवास यांनी क्षय. आणि संधारण? दिवसभर दुसऱ्यांच्या घरी काम करताना तो लघवीस जात नाही. विचारण्याची लाज वाटते, आणि विचारलेच तर सर्वत्र होकार मिळत नाही.

कारण कोठे सापडले

“टाकी वरच रिकामी करून का उतरत नाहीस?” असे मी विचारले. त्याचे उत्तर असे : “बाथरूममध्ये ओतू देत नाहीत, सर. म्हणतात, घाण पाणी घरात नको. मग भरलेलीच खाली आणतो.”

म्हणजे जे मळके पाणी त्याच घराच्या गालिच्यातून निघाले, ते त्याच घराच्या मोरीत ओतण्यास मनाई. त्यासाठी तीस किलोंचा जादा भार तीन मजले खाली उतरवावयाचा. आणि लिफ्ट? बहुतेक सोसायट्यांत कामगारांनी सामानासह लिफ्ट वापरू नये, अशी पाटी असते.

हे ऐकून मी काहीसा गप्प झालो. मी राहतो त्या इमारतीतही तशीच पाटी आहे. चार वर्षांपूर्वी समितीच्या बैठकीत तो ठराव झाला तेव्हा मी समितीचा सदस्य होतो आणि ठरावाखाली माझी सही आहे. लिफ्टवर ओरखडे पडतात, पाणी सांडते, असे त्यावेळचे कारण. कारण खोटे नव्हते. पण त्या पाटीचा आणि गृध्रसीचा काही संबंध असू शकेल, हे एकाही सदस्याच्या मनात आले नाही. त्या सदस्यांत एक वैद्य होता, ही गोष्ट मला अधिक लागली.

पुण्यात दवाखाना चालविणारे डॉ. बाबा आढाव (१९३०–२०२५) हमालांच्या प्रश्नाकडे वळले आणि हमाल पंचायतीचे काम त्यांनी आयुष्यभर केले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नास किलोवर यावे, ही हमालांच्या संघटनांची दीर्घकाळची मागणी होती. पोत्याचे वजन निम्मे होणे ही जेवढी पाठीची चिकित्सा आहे, तेवढी कोणत्याही तेलाने होणार नाही. आपण सर्वांनी चळवळी कराव्यात असे सुचवावयाचे नाही. परंतु आपल्या रुग्णाच्या निदानाचा एक धागा आपल्याच उंबरठ्याशी येऊन पोहोचत असेल, तर तो तेथे तरी सोडू नये.

वाहकास सांगावयाचा विधी

पुढील सूचना मी आता छापील कागदावर देतो.

१. जिना चढण्यापूर्वी रिकाम्या हाताने एकदा वर जाऊन यावे. पायऱ्या, वळणे, दिवा, ओल व दारातील चपला पाहाव्यात.

२. टाकी नेहमी रिकामी करूनच यंत्र हलवावे. पाणी वरच भरावे व वरच ओतावे. ही अट काम ठरवितानाच ग्राहकास सांगावी.

३. ब्रश, नळी, वायर, सुटी टाकी वेगळी करून वेगळ्या खेपेस न्यावी. दोन हलक्या खेपा एका जड खेपेपेक्षा बऱ्या.

४. जिना चढणारी, प्रत्येक बाजूस तीन चाके असलेली हातगाडी मिळते. तिला यंत्र पट्ट्याने घट्ट बांधावे. चढताना व उतरतानाही गाडी धरणारा वरच्या बाजूस आणि भार खालच्या बाजूस असावा. एका वेळी एकच पायरी घ्यावी व प्रत्येक वळणावर थांबावे.

५. दोघांनी उचलताना हुकूम एकानेच द्यावा. खालच्या माणसावर अधिक भार येतो, म्हणून तेथे अधिक बळकट माणूस असावा.

६. यंत्र निसटले तर ते धरावयास जाऊ नये. बाजूला व्हावे. यंत्र दुरुस्त होते.

७. शक्य तेथे यंत्राऐवजी गालिचा हलवावा. तोही कोरडा असतानाच खाली आणावा. भिजलेल्या गालिच्याचे वजन कित्येक पटींनी वाढते.

अजिंठ्याच्या पायऱ्यांवरून डोली वाहणारे आपण पाहिले असतील. एका माणसाचा भार तेथे चार खांद्यांवर विभागलेला असतो, आणि तो कण्याच्या पुढे लटकत नाही, खांद्यावर बसतो. त्यांचे श्रम कमी आहेत असे नव्हे. पण भार वाटून घ्यावा व अंगालगत ठेवावा, ही दोन सूत्रे त्यांच्या रीतीत आधीच आहेत.

वैद्यांसाठी

अभ्यंगाविषयी चरकाचार्यांनी घडा, चामडे व आस या तीन उपमा दिल्या आहेत. येथेही आस आहेच. श्रमजीवी रुग्णास नित्य अभ्यंग ही चैन नव्हे, ते वंगण आहे. मात्र तो रात्री करावा. सकाळी तळहात व तळपाय तेलकट ठेवून जिन्यावर भार वाहणे म्हणजे पर्यसनास आमंत्रण होय. तिळाचे साधे तेल पुरते. महाग सिद्ध तेल लिहून दिले, तर तो ते थेंबाथेंबाने वापरतो.

व्यायामास सुश्रुत व वाग्भट यांनी अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे. श्रमजीवीस ती पाळता येत नाही, म्हणून विश्रांतीचे नियोजन करून द्यावे. दोन घरांच्या मध्ये पंधरा मिनिटे पाठीवर पडून पाय उंच ठेवणे बहुतेकांस जमते. कमरपट्टा द्यावा, पण त्याने अधिक भार उचलण्याचा परवाना मिळत नाही, हे स्पष्ट सांगावे.

आणि एक सावधगिरी. दोन्ही पायांत वेदना वा दौर्बल्य, पाऊल उचलता न येणे, गुदाभोवती व जांघांत बधिरता, मूत्र अडणे वा नकळत होणे, मलवेगावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही असल्यास कटिबस्तीची तारीख देत बसू नये. त्याच दिवशी शस्त्रकर्माची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. येथे काही तासांचा विलंबही कायमचे वैकल्य मागे ठेवू शकतो.

औषधविक्रेत्या मित्रांसाठी

पाठदुखीचा कामगार आधी वैद्याकडे येत नाही, तो आपल्या काउंटरवर येतो. तेलाची बाटली व गुग्गुळाची डबी देताना तीन प्रश्न विचारावेत : काय उचलता? पाय बधिर होतो का? लघवी-संडासची काही अडचण आहे का? दुसऱ्या वा तिसऱ्या प्रश्नास होकार आला, तर औषध न देता आधी तपासणीस पाठवावे.

दुसरे असे की, आपल्याही दुकानात जिना आहे. पोटमाळ्यावर चढणारी ती उभी लोखंडी शिडी. ४५० मिलिलिटरच्या चोवीस बाटल्यांचा आसवारिष्टांचा खोका काचेसह सतरा-अठरा किलोंच्या घरात जातो, तेलाचा डबा पंधरा किलोचा. तो वर चढविणारा मुलगा एका हाताने शिडी धरतो व दुसऱ्या हाताने खोका. जड माल खाली, कमरेच्या उंचीवर ठेवावा व पोटमाळ्यावर हलकी चूर्णे आणि रिकामी खोकी ठेवावीत. या बदलास खर्च नाही.

उपसंहार

त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे सांगणे आवश्यक आहे. त्याच्या मालकास मी दवाखान्यात बोलावून टाकीच्या पाण्याचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी जिन्याची हातगाडी घेतली, आणि ‘पाणी वरच ओतू द्यावे लागेल’ हे वाक्य आता ते फोनवर काम ठरवितानाच सांगतात. काही ग्राहक नाराज होतात, पण काम रद्द करणारे थोडेच. चौथी कटिबस्ती करून सहा महिने झाले. वेदना उलटलेली नाही. डाव्या पायाच्या करंगळीकडील बधिरता मात्र गेलेली नाही, आणि ती जाईल असे मी त्यास सांगितलेले नाही. पहिल्याच भेटीत मी एक प्रश्न अधिक विचारला असता, तर कदाचित ती राहिलीही नसती.

आमच्या इमारतीतील पाटी बदलण्यास दोन बैठका लागल्या. आता तिच्यावर, यंत्र रिकामे करून व खाली गोणपाट अंथरून लिफ्ट वापरावी, असे लिहिले आहे. ठरावाखाली याही वेळी माझी सही आहे. आणि माझ्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्याशेजारी एक नवा रकाना आला आहे : ‘काय उचलतो? कोठून कोठे?’ वैद्यबंधूंनी आपल्या कागदावर तो अवश्य जोडावा, ही विनंती. इत्यलम्।